गोवा, निदान गुहागर

पुण्यातल्या माणसाला चाळिशी उलटली की सायकल घ्यावीशी वाटते, आणि सायकल घेतली की गोव्याला जावंसं वाटतं. या दोन इच्छांमध्ये फार तर तीन रविवारांचं अंतर असतं. पहिल्या रविवारी तो पाषाण तलावापर्यंत जाऊन येतो आणि उरलेला दिवस सोफ्यावर पाय वर करून काढतो. दुसऱ्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जातो, गडाकडे आदराने बघतो, कांदाभजी खातो आणि परततो. तिसऱ्या रविवारी मिसळीच्या दुकानाबाहेर पाच-सहा सायकली एकमेकींना टेकवून ठेवलेल्या असतात, आत सँपलची दुसरी वाटी संपत आलेली असते आणि पावाचा शेवटचा तुकडा बुडवता बुडवता कुणीतरी म्हणतं, "आपण एकदा सायकलने गोव्याला जाऊ या राव."

त्या क्षणी नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पोटात मिसळ असताना अंतर कळत नाही.

खरं तर शास्त्र बघितलं तर सोलापूरला जायला हवं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सोलापूर साधारण ४६० मीटरवर. म्हणजे अडीचशे किलोमीटर जायचं आणि शेवटी शंभर मीटर खालीच पोचायचं. वाटेत भिगवणला उजनीचं पाणी, थंडीत आलेले फ्लेमिंगो, ताज्या माशांचं जेवण. मुक्कामाला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. सायकलस्वाराला याहून जास्त काय हवं असतं? पण "सायकलने सोलापूरला चाललोय" असं सांगून बघा. समोरचा काळजीने विचारतो, "का, एसटीचा संप आहे का?" तेच गोवा म्हटलं की डोळे चमकतात. त्यामुळे सोलापूरचा उतार अजून तसाच पडून आहे, कुणीही जाऊन घ्यावा.

तर गोवा ठरतं. मग व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो आणि ग्रुपचं नाव काय ठेवायचं यावर पंधरवडा जातो. 'पेडल टू पणजी', 'सह्याद्री ते सागर', 'चाकांवरचे चाळिशीकर' अशी नावं येतात आणि रोज बदलतात. आमच्या ग्रुपमध्ये एक सी.ए. होते, एक डॉक्टर होते, एक आयटीवाला होता ज्याच्याकडे एक्सेल होतं, आणि एक मनुष्य मनाली-लेह सायकलने करून आलेला होता. हा शेवटचा फार कमी बोलायचा. कुणी काहीही ठरवलं की तो फक्त अंगठा टाकायचा, आणि तो अंगठा होकाराचा आहे की कीव आल्याचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. रस्ता ठरायच्या आधी, तारीख ठरायच्या आधी, निम्म्या लोकांच्या सायकली यायच्याही आधी जर्सी छापून आल्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पुणे ते गोवा', खाली ताडाचं झाड. या जर्सीकडे आपण पुन्हा येऊ.

सायकलच्या सहलीला ट्रकपेक्षा जास्त धोका आधीच्या पिढीकडून असतो. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. सायकलीला पालिकेचा बिल्ला लागायचा, अंधार पडला की दिवा लागायचा, आणि डबलसीट दिसलं की चौकातला पोलीस शिट्टी मारायचा. त्या काळात ज्यांनी सायकल चालवली ते लोक अजून आहेत, खणखणीत आहेत आणि दुपारी मोकळे असतात. आमच्या सोसायटीतले नाना शनिवार पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने नोकरीला जात, तेही मागे डबा आणि पुढे नळीवर पोरगं घेऊन. त्यांनी माझ्या शेजाऱ्याची नवी सायकल चारी बाजूंनी बघितली.

"गिअर किती?"

"पुढे तीन, मागे आठ. चोवीस, नाना."

"चोवीस? आणि तरी चढ लागतो?"

शेजारी गप्प. नाना वाकले. "कॅरिअर नाही?"

"ते वेगळं घ्यावं लागतं."

"स्टँड?"

"तेही वेगळं."

"घंटी? मडगार्ड?"

"नाना, ती वजनाला अगदी हलकी आहे. त्याचेच पैसे असतात."

"एवढं सगळं काढून घेतल्यावर हलकी होणारच की," नाना म्हणाले आणि पेपर घेऊन वर गेले.

नानांची पिढी निदान खडकीपर्यंतच गेली होती. त्याच्याही आधीच्यांची गोष्ट काढली तर तोंड लपवायला जागा राहत नाही. १९२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. व्यायामशाळेतली वजनं उचलणारी मुलं ती. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परत मुंबईत आले. इराण झालं, सिनाईचं वाळवंट झालं, युरोप, अमेरिका, जपान, चीन झालं. सायकलला गिअर नाहीत, खिशात फोन नाही, पाठीवर ताडाचं झाड नाही. उरलेले तिघे मधेच गळाले. त्यातला एक अमेरिकेतच राहिला. ही प्रथा पुढे आपल्याकडे सायकलशिवायही छान रुळली. सहातले तीन गळणं हे प्रमाण मात्र कोणत्याही ग्रुपने लक्षात ठेवण्यासारखं आहे. फरक एवढाच की त्यांची गळती तेहरानच्या पुढे-मागे सुरू झाली, आमची कोथरूडमध्येच.

नव्या काळातली उदाहरणंही घरात फार बोलू नयेत. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांत मिळून 'रेस अॅक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पुरी केली, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सायकलने जग पालथं घातलं. ही माहिती मी उत्साहाने जेवणाच्या टेबलावर सांगितली. बायको आमटी वाढता वाढता म्हणाली, "ती पोरगी एकटी जगाला फेरी मारून आली, आणि तुम्हाला गोव्याला जायला ग्रुप लागतो?"

आता रस्त्याकडे वळू. गोव्याला जायचे दोन मार्ग. एक कोल्हापूरवरून महामार्गाने; तो लगेच रद्द होतो, कारण त्यात कष्ट आहेत पण समुद्र नाही. दुसरा ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून किनारा धरून दक्षिणेकडे. हा सर्वानुमते मंजूर होतो. आमच्या सी.ए.नी त्यावर आपला शिक्काही मारला: "ओपनिंग बॅलन्स ५६० मीटर, क्लोजिंग बॅलन्स शून्य. म्हणजे नेट उतारच आहे."

टाळ्या पडल्या. लेहवाल्याने अंगठा टाकला.

किनारा म्हणजे सपाट, ही समजूत वाळूवर उभं राहून झालेली असते. वाळू सपाटच असते. रस्ता वाळूतून जात नाही. कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे आणि त्यांना मधून मधून कापत समुद्राला मिळणाऱ्या खाड्या. गाव खाली पाण्याजवळ, नारळी-पोफळीच्या सावलीत. गावातून बाहेर पडलं की रस्ता जो चढायला लागतो तो थेट सड्यावर, शंभर-दीडशे मीटर. वर कातळ, काजूची झाडं आणि ऊन. सड्यावर पोचून दम खातोय तोवर पुढची खाडी येते आणि मिळवलेली सगळी उंची दोन मिनिटांत खाली सांडते. खाली गाव, सावली, देऊळ, आणि देवळामागून पुन्हा चढ. गाडीतून जाताना या चढांचा पत्ताही लागत नाही. फार तर मागच्या सीटवरच्या मुलांना मळमळतं. आयटीवाल्याने कुठल्याशा अॅपवर हा सगळा रस्ता घालून चढउताराचा आलेख काढला आणि ग्रुपवर टाकला. डॉक्टर त्या वेळी दवाखान्यात होते. त्यांनी फक्त विचारलं, "पेशंटचं वय काय?"

सगळे चढ मिळवून बघितले तर समुद्रसपाटीपासून कळसूबाईचं टोक गाठून होतं, आणि तेही एकदाच नाही. सी.ए. बराच वेळ टाइप करत होते. शेवटी आलं ते इतकंच: "व्यवहार भरपूर, शिल्लक शून्य."

त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे खाड्यांवर अजून सगळीकडे पूल नाहीत. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून कोकण ऐकतंय. मोटारवाल्यांना त्याचं काय दुःख असेल ते असो, पण पूल नाही म्हणजे फेरीबोट, आणि फेरीबोट म्हणजे तिकीट काढून, सायकल रेलिंगला टेकवून, पाय हलवायला न लागता पुढे सरकणं. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला. आमच्यातल्या काहींनी यादीत या बोटींचं अंतरही किलोमीटरमध्ये धरलं होतं. अंतर कापलं जातंच ना, असं त्यांचं म्हणणं.

मग एक्सेल उघडलं. सायकलचा वेग ताशी २० किलोमीटर. दिवसाचे आठ तास. म्हणजे रोज १६०. चार दिवसांत गोवा, पाचव्या दिवशी आराम. ही बेरीज कागदावर इतकी सुरेख दिसते की तिच्यावर शंका घेणारा माणूस ग्रुपचा शत्रू ठरतो. लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारांमध्ये 'ब्रेव्हे' म्हणून प्रकार असतो. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात, आणि ते करायला लोक महिनोन् महिने घाम गाळतात. त्यातही त्यांच्या सायकलवर सामान नसतं, आणि मधे कुणी "इथला भोपळघारगा प्रसिद्ध आहे" म्हणून थांबत नाही. सामान लादलेल्या, पहिल्यांदाच निघालेल्या माणसाने कोकणात दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर केले तरी रात्री गाढ झोप लागते. लेहवाल्याने हे पहिल्यांदाच शब्दांत लिहिलं. नंतर ग्रुपवर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. एकाला त्याच दिवशी आठवलं की त्याच्या चुलतभावाचं लग्न आहे.

पन्नासाने भागलं की दिवस वाढतात. दिवस वाढले की रजा कमी पडते. आणि रजा कधी टाकायची हा तर वेगळाच पेच. जून ते सप्टेंबर पाऊस. गणपतीत अख्खी मुंबई कोकणच्या रस्त्यावर. ऑक्टोबरात उकाडा. दिवाळीत खोल्या मिळत नाहीत. नाताळात खोल्या मिळतात, पण त्यांचे भाव ऐकून सायकल विकावी लागेल. मार्चमध्ये सी.ए. हे प्राणी दिसेनासे होतात. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर माणसाचाच पापड होतो. राहिला जानेवारी, त्यातही तिळगूळ, हळदीकुंकू आणि मुलांच्या परीक्षा वगळून एक आठवडा शिल्लक उरला. शनिवार ते पुढचा शनिवार.

आणि इथे खरं नियोजन सुरू झालं. आतापर्यंत चाललं होतं ते हौसेचं. आता प्रश्न जेवणाचा होता.

कोकणातल्या घरगुती खानावळीत आयत्या वेळी जाऊन "काय आहे?" असं विचारायची पद्धत नाही. आदल्या दिवशी, निदान सकाळी दहाच्या आत फोन करून सांगावं लागतं: किती माणसं, किती वाजता, शाकाहारी किती, मासे खाणारे किती. मी एका ठिकाणी फोन केला. मावशींनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "गाडी कुठली आहे? लावायला जागा बघून ठेवते."

"गाडी नाही मावशी, सायकलने येतोय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळू आवाजात, "पुण्याहून? बरं. मग भाकऱ्या जास्त टाकते."

त्या एका वाक्यात जेवढी समज होती तेवढी आमच्या सबंध एक्सेलमध्ये नव्हती. पण माशांचा हिशोब एवढ्याने सुटत नाही, कारण मराठी माणूस मासे खातो की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे; कोणत्या वारी खातो ते विचारावं लागतं. डॉक्टरांचा सोमवार. सी.ए.ंचा मंगळवार, शिवाय संकष्टी. आयटीवाला एरवी काहीच मानत नाही, पण गुरुवार आईला शब्द दिलेला. शनिवारी मारुती सगळ्यांचाच. म्हणजे आठवड्यात राहिले रविवार, बुधवार आणि शुक्रवार. आता सहलीचा मार्ग या तीन दिवसांवर बसवायचा. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव होतो. किनाऱ्यावर टोपल्या उतरतात, बोली लागते, सुरमई डोळ्यांदेखत विकली जाते. तिथे मंगळवारी पोचून वरणभात खाणं ही शिक्षा झाली. म्हणजे हर्णै बुधवारीच.

दिवेआगरला उकडीचे मोदक चांगले मिळतात, तेव्हा मंगळवार तिथे लावा, असं सी.ए. म्हणाले. हरिहरेश्वर शंकराचं ठाणं, तिथे सोमवार ठेवा, डॉक्टर म्हणाले. दोन्ही सूचना निर्दोष. अडचण एवढीच की उत्तरेकडून दक्षिणेला जाताना दिवेआगर आधी लागतं, हरिहरेश्वर नंतर. आणि आठवड्यात मात्र सोमवार आधी येतो, मंगळवार नंतर. यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. मग सहल उलटी काढावी, दक्षिणेकडून उत्तरेकडे यावं, असाही ठराव आला. पण किनाऱ्यावर दुपारनंतर वारा सुटतो तो वायव्येकडून. खाली जाताना तो पाठीवर थोडा हात ठेवतो, वर येताना छातीवर. वारा विरुद्ध वार असा तो सामना होता. शेवटी वाऱ्याच्या बाजूने निकाल लागला आणि तक्ता असा बसला: शनिवारी ताम्हिणी उतरून माणगाव, रविवारी दिवेआगर आणि मासे, सोमवारी हरिहरेश्वर, मंगळवारी बोटीने वेसवी आणि पुढे केळशी, बुधवारी हर्णै आणि पुन्हा मासे, गुरुवारी दापोलीवरून दाभोळ, शुक्रवारी धोपाव्याची बोट धरून गुहागर. शनिवारी परत.

मोठ्या समाधानाने सगळ्यांनी तक्ता बघितला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की यात गोवा कुठेच नाही.

गोवा एका दिवसात गेला नव्हता. तो हळूहळू गेला. मनातल्या मनात तो आधी वेंगुर्ल्यापर्यंत, मग मालवणपर्यंत, देवगडच्या चढांविषयी ऐकल्यावर रत्नागिरीपर्यंत, आणि वारांचा हिशोब झाल्यावर गुहागरपर्यंत मागे सरकला होता. त्याचं वाईट कुणालाच फारसं वाटलं नाही. गुहागरला समुद्र आहे, व्याडेश्वर आहे, सुरूचं बन आहे. तिथून चिपळूण स्टेशन पंचेचाळीसेक किलोमीटर, तिथून सायकली लगेज म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येतात. प्रश्न फक्त जर्सींचा होता. त्या परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. शेवटी ताडाच्या झाडाखाली बारीक अक्षरांत 'टप्पा पहिला' असं छापून घेतलं. ते अक्षर इतकं बारीक आलं की वाचायला पाठीला नाक लावावं लागतं, पण मनाला खोटं वाटायला नको.

दरम्यान 'मागे गाडी असावी' हा ठराव घराघरांतून एकाच वेळी आला. पंक्चर झालं तर, पाय मुरगळला तर, रात्र झाली तर. सायकल चालवायला जेवढे लोक तयार झाले होते त्याच्या दुप्पट लोक त्या सायकलींच्या मागून गाडी चालवायला तयार झाले. मग एका गाडीच्या दोन झाल्या. दोन गाड्यांत जागा आहे तर घरची मंडळीही येतील, असं ठरलं. आता चित्र असं की आम्ही सकाळी सहाला निघणार, मंडळी नऊला उठणार, पोहे खाऊन अकराला निघणार, वाटेत आम्हाला चढावर गाठून काचा खाली करून "पाणी हवंय का?" विचारणार, आणि आम्ही पोचू तेव्हा आंघोळी करून सोलकढी पीत बसलेली असणार. या चित्रात सहल कुणाची आहे, हे उघड आहे.

सामानाच्या खरेदीत बराच काळ गेला, त्यातल्या दोनच वस्तूंचा उल्लेख करतो. पहिली म्हणजे आत गादी शिवलेली चड्डी. ती थेट अंगावर घालायची असते, आत दुसरं काही घालायचं नसतं, नाहीतर शिवण रुतून पन्नासाव्या किलोमीटरला वैराग्य येतं. ही अत्यंत महत्त्वाची माहिती दुकानात कुणी मोठ्याने सांगत नाही. आमच्या दुकानदाराने ती माझ्या कानात सांगितली. दोरीवर वाळत घातलेली ती वस्तू बघून समोरच्या इमारतीतल्या आजींनी चौकशी केली, की यांच्याकडे आजारपण कुणाचं आहे.

दुसरी वस्तू म्हणजे एक छोटंसं पितळी टोपण. परदेशी धाटणीच्या बऱ्याच सायकलींच्या ट्यूबला बारीक, उंच 'प्रेस्टा' व्हॉल असतो. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप हा आपल्या साध्या सायकलीच्या व्हॉलसाठी असतो, आणि पेट्रोलपंपावरची हवा मोटारीच्या व्हॉलसाठी. त्यामुळे पाऊण लाखाची सायकल घेऊन तुम्ही मंडणगड तालुक्यातल्या टपरीसमोर उभे राहता, टपरीवाल्याकडे घमेलं असतं, सोल्यूशन असतं, पंप असतो, हातात वीस वर्षांचं कसब असतं, आणि तरी हवा आत जात नाही. ते चिमुकलं टोपण व्हॉलवर फिरवलं की मोटारीची हवा चालते. सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त तेच होतं, आणि आमच्यातल्या कुणाच्याच यादीत नव्हतं. लेहवाल्याने प्रत्येकाच्या हातात दोन-दोन ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. अशा माणसाला ग्रुपचा अॅडमिन करायला हवं होतं. पण अॅडमिन आहे तो, ज्याने जर्सी छापल्या.

शेवटचा आठवडा वजनाचा. चढावर प्रत्येक ग्रॅम जाणवतो, हे कुठेतरी वाचून मंडळी काटे घेऊन बसली. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत मिळून आठ किलोच्या वर काही न्यायचं नाही, असा नियम झाला. टॉवेलऐवजी पंचा. तीनऐवजी दोन टी-शर्ट. आयटीवाल्याने टूथब्रशची दांडी अर्धी कापली आणि त्याचा फोटो टाकला. डॉक्टरांनी खाली लिहिलं, "ब्रशचे आठ ग्रॅम वाचवलेस, छान. कमरेभोवतीचे आठ किलो कुठल्या पिशवीत घेतोयस?" त्यावर आयटीवाला दोन दिवस ग्रुपवर आला नाही, पण सकाळी चालायला जाताना दिसला.

मग घराघरांतून डबे आले. शेंगदाण्याचे लाडू, कारण ताकद हवी. मेतकूट, कारण बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर मऊ भात. चिवडा, कारण चिवड्याशिवाय मराठी माणसाला गाव सोडायची परवानगी नाही. लसणीची चटणी, लिंबाचं लोणचं, कोकणात जाताना आमसुलंसुद्धा. डब्यांचंच वजन आठ किलो झालं. सगळ्यांनी मुकाट्याने टी-शर्ट दोनाचा एक केला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातात पैसे आणि चिठ्ठी.

"गुहागरला चाललात म्हणे? बरं झालं बाई. येताना दोन किलो काजू आणा, सोललेले, अख्खे. फणसपोळी अर्धा किलो. आणि आगळाच्या दोन बाटल्या, मोठ्या."

मी म्हटलं, "काकू, सायकलने चाललोय हो आम्ही."

"मग? माहिती आहे मला," काकूंनी पैसे माझ्या हातात कोंबले. "म्हणून तर म्हणते, बाटल्या काचेच्या नको, प्लॅस्टिकच्याच आणा. उगीच वजन व्हायचं तुम्हाला."